‘माहिती अधिकार टाका’ म्हणण्याआधी कार्यालयाने काय लावलं पाहिजे? (जळगाव, धुळे, नंदुरबारकरांनी अनुभव लिहा)

तापीकाठ (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी,

शिंदखेडा, शिरपूर, चोपडा या आमच्या पट्ट्यात सरकारी कार्यालयात गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘माहिती पाहिजे ना, मग माहिती अधिकार टाका.’ अनुदानाचा निकष विचारा, हेच उत्तर. रस्त्याचं अंदाजपत्रक विचारा, हेच उत्तर. यादीत नाव का नाही म्हणून विचारा, तरी हेच.

आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याचा ठिबकचा प्रस्ताव ‘निकषात बसत नाही’ एवढ्या शेऱ्यावर परत आला. कोणता निकष, ते पत्रात नाही. त्याने विचारलं तर त्यालाही अर्ज करायला सांगितलं. आता अर्ज केला तर उत्तराला तीस दिवस. आपल्याकडे ठिबकवरचा पूर्वहंगामी कापूस मे महिन्यात लागतो. पाऊस पडून गेल्यावर निकष कळला तर त्या माणसाने त्या कागदाचं काय करायचं?

माझं म्हणणं असं की हा अर्ज करायची वेळच यायला नको होती. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चं कलम ४ वाचा. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबी आपणहून प्रसिद्ध करायच्या आहेत: कार्यालयाची रचना आणि कामं, अधिकाऱ्यांचे अधिकार, निर्णय कसा घेतला जातो, कामाचे निकष, वापरात असलेले नियम आणि सूचना, अंदाजपत्रक, अनुदान कसं वाटलं आणि कोणाला मिळालं, परवाने आणि सवलती कोणाला दिल्या. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत हे करायचं होतं आणि दर वर्षी अद्ययावत करायचं आहे. पोटकलम २ मध्ये तर उद्देशच लिहिला आहे: लोकांना माहितीसाठी या कायद्याचा आधार कमीत कमी घ्यावा लागावा.

म्हणजे अर्ज ही शेवटची वाट होती, ती आता पहिली करून ठेवली आहे. तुमच्या तालुक्यात ही सतरा बाबींची माहिती कोणी पाहिली आहे का? कुठे नीट लावलेली असेल तर तेही लिहा, नुसती तक्रार नको.

---

केळीबाग

तापीकाठ भाऊ, चांगला विषय घेतलात. रावेर-यावल पट्ट्यात केळीवाल्यांचं दुखणं हवामानाच्या आकड्याचं आहे.

फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. थंडी किंवा उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरलेले दिवस गेली तरच भरपाई. थंडी-उष्णतेसाठी बागेत येऊन कोणी पंचनामा करत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा हाच पंच. मग तो आकडा रोजच्या रोज गावाला दिसायला नको का? थंडीत पानं पिवळी पडतात, घड अडकतो, आम्हाला डोळ्यांनी दिसतं. महिन्यांनी कळतं की ‘तुमच्या मंडळात ट्रिगर लागला नाही’. त्या वेळी कोणत्या रात्री किती अंश होतं हे शोधायला पुन्हा अर्ज!

पावसाचे मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर बघायला मिळतात. मी सकाळी चहाच्या आधी तेच बघतो. किमान-कमाल तापमानाचा तक्ताही तसाच मंडळाच्या गावात फळ्यावर लागला तर निम्मी भांडणं मिटतील. आकडा आमच्या विरुद्ध गेला तरी चालेल, पण त्याच दिवशी कळू द्या. केंद्र झाडाखाली असेल, बंद पडलं असेल, तर तेव्हाच ओरडता येईल ना.

विचारलं की सांगतात, हा डेटा कंपनीचा आहे. हे खरं आहे का कोणी सांगेल?

---

धुळे_बार

केळीबाग, ‘कंपनीचा डेटा’ एवढ्यावर विषय संपत नाही. कलम २(च) मधली माहितीची व्याख्या बघा. एखाद्या खासगी संस्थेकडची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली मिळवता येते, तीही ‘माहिती’ आहे. शिवाय भरपाईचा निर्णय ज्या आकड्यावर होतो तो कृषी विभागाच्या दप्तरी असणारच. अर्ज कंपनीकडे करू नका, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असं त्यांना वाटलं, तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची.

मूळ मुद्द्यावर थोडं मागे जाऊन लिहितो, कारण हे कलम ४ आकाशातून पडलेलं नाही.

१९५१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा निकाल आहे. जयपूर संस्थानात महाराजा अज्ञान असताना मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये एक ठराव करून अफूचा कायदा ‘केला’, पण तो राजपत्रात किंवा दुसरीकडे कुठेही प्रसिद्ध केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि न्यायालयाने शिक्षा रद्द केली. जो कायदा लोकांना कळवलाच नाही, तो लोकांवर चालवता येत नाही, हे तत्त्व त्यात ठरलं. पन्नास रुपयांच्या दंडासाठी! १९८७ मध्ये बी. के. श्रीनिवासन विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नियम, अधिसूचना अशा दुय्यम कायद्यांनाही हेच लावलं गेलं.

आता तापीकाठांच्या शेजाऱ्याकडे या. ‘निकषात बसत नाही’ हा प्रशासकीय निर्णय आहे. कलम ४(१)(घ) म्हणतं की निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची. ती मागायची नसतात, द्यायची असतात. त्यांनी साधं पत्र लिहावं: ‘कलम ४(१)(घ) नुसार माझा प्रस्ताव नाकारण्याची कारणं आणि लागू केलेला निकष कळवावा.’ हा माहिती अधिकाराचा अर्ज नव्हे, कोर्ट फीचं तिकीट नको. पोच मात्र घ्या.

---

जुने_दप्तर

मी महसुलात कारकून होतो, नंतर अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आतली बाजू सांगतो.

आपल्याकडे सहा गठ्ठे पद्धत आहे. प्रत्येक टेबलावरचं दप्तर सहा गठ्ठ्यांत लावायचं: प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नाश करायचे कागद. यातली चौथी, स्थायी आदेश संचिका, नीट लक्षात घ्या. त्या टेबलाच्या विषयाचे सगळे शासन निर्णय, परिपत्रकं, नियम, तारखेच्या क्रमाने एका संचिकेत. पुढे अनुक्रमणिका. बदली झाली की नवा माणूस ती उघडतो आणि काम सुरू करतो.

ज्या टेबलाची ही संचिका चोख आहे, त्याला कलम ४ ची अर्धी माहिती तयारच असते. झेरॉक्स मारा, सूचनाफलकाशेजारी टांगा, झालं. आणि जिथे ती संचिका नाही, तिथे ‘निकष काय’ हे टेबलावरच्या माणसालाही ठाऊक नसतं. तो आधीच्याने जे केलं तेच करतो. म्हणून मला वाटतं, ‘अर्ज करा’ या उत्तराच्या मागे नेहमी लबाडी नसते. बरेचदा त्याच्याकडे नियम हातात नसतो आणि ते कबूल करायची त्याची तयारी नसते.

दुसरं अभिलेखांचं वर्गीकरण. अ वर्ग कायम जपायचा, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. दर वर्षी निंदणी करून मुदत संपलेलं काढायचं, त्याची नोंदवही ठेवायची. कलम ४(१)(क) मध्ये जी ‘सूचीबद्ध करणे’ म्हणून जबाबदारी आहे ती हीच. ही कामं वेळच्या वेळी झाली तर कोणती संचिका कुठल्या रॅकवर आहे ते सांगायला पाच मिनिटं लागतात. न झाल्यामुळे माणूस चार दिवस धूळ खातो आणि शेवटी ‘आढळ होत नाही’ असं लिहून मोकळा होतो.

सतरा बाबींच्या माहितीबद्दल खरं सांगतो. पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षी कोणीतरी मेहनतीने टाइप केलेली पुस्तिका असते आणि नंतर तिच्यावर फक्त नवीन वर्ष घातलेलं असतं. आत बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं तशीच. हे काम कोणाच्या कार्यविवरणात लिहिलेलंच नसतं. ज्या कामाला टेबल नाही ते काम होत नाही, कार्यालयाचा हा नियम कागदावर नाही पण पाळला मात्र कसोशीने जातो.

---

टेबलावरचा

मी सध्या नोकरीत आहे, खातं सांगत नाही.

मंडळी, दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडे मंजूर पदांपैकी बरीच रिकामी आहेत. एकेक माणूस दोन-तीन टेबलं बघतो. त्यात एकच गृहस्थ निरनिराळ्या विषयांवर अर्जांचा ढीग लावतो, माहिती तयार केली तर न्यायला येत नाही, अपील मात्र करतो. काहींचा धंदाच आहे: ठेकेदाराची माहिती काढायची आणि ठेकेदाराकडे जायचं. सगळं फलकावर लावलं तर अशांच्या हातात आयतं कोलीत.

---

तापीकाठ

टेबलावरचा दादा, उलट आहे हो. जो माहिती काढून ठेकेदाराकडे जातो, त्याच्याकडे विकायला काय असतं? फक्त त्यालाच ठाऊक असलेली गोष्ट. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची नोंद आणि देयक गावात कामाच्या जागी लावलं, तर ती गोष्ट सगळ्यांचीच झाली. त्याच्याकडे उरलं काय?

---

जुने_दप्तर

टेबलावरचा, तुमचा त्रास मी भोगलेला आहे, तो खोटा नाही. पण एक करून बघा. तुमच्या कार्यालयाची माहिती अधिकार अर्जांची नोंदवही घ्या आणि मागच्या वर्षीचे विषय एका कागदावर उतरवा. तेच चार-पाच विषय पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. तेवढेच आधी लावा. केंद्राच्या कार्मिक विभागाने १५ एप्रिल २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत अर्ज आणि त्यांची उत्तरंसुद्धा प्रसिद्ध करायला सांगितली आहेत, ती याचसाठी. एकदा दिलेलं उत्तर दहा जणांना वेगवेगळं टाइप करून देण्यात कुणाचंच भलं नाही.

---

सातपुडा_शाळा

मी धडगाव भागात शिकवते. तुमची चर्चा वाचताना एक सारखं जाणवतंय, म्हणून लिहिते. तुम्ही सगळे ‘लावलं पाहिजे’ म्हणताय. लावल्यावर वाचणार कोण, हा आमच्याकडचा प्रश्न आहे.

पाड्यावर म्हातारी माणसं पावरी बोलतात. खाली तळोदा, शहाद्याकडे भिली, अहिराणी, नवापूरकडे मावची. आमच्याकडे येणारा कागद असतो शासकीय मराठीत: ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’. दहावी झालेला मुलगाही अडखळतो. नेटवर्क टेकडीवर चढल्यावर मिळतं, तेव्हा ‘संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ याचा इथे फार उपयोग नाही.

कायद्यात याची सोय आहे, हे मला उशिरा कळलं. कलम ४(४) म्हणतं की माहिती पोचवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक पद्धत कोणती हे लक्षात घ्यायचं. आणि ‘प्रसार’ याच्या स्पष्टीकरणात सूचनाफलक, वर्तमानपत्र, इंटरनेट यांच्या जोडीला जाहीर घोषणा आणि कार्यालयात जाऊन पाहणी हेही आहे. म्हणजे बाजाराच्या दिवशी लाउडस्पीकरवर वाचून दाखवणं हेसुद्धा कायद्यात बसतं!

आम्ही काय केलं ते सांगते. आमच्या गावात रेशनबद्दल कुरबुर होती. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ च्या कलम २७ मध्ये रेशनचे सगळे अभिलेख लोकांसमोर ठेवायचे आणि पाहणीला खुले ठेवायचे असं आहे. तहसीलमधून आमच्या दुकानाचं महिन्याचं नियतन, म्हणजे दुकानाला मंजूर झालेलं धान्य, किती ते मिळवलं. ग्रामसभेत बचत गटाच्या दोन बायांनी ते पावरीत वाचलं: किती कार्डं, किती माणसं, गहू किती, तांदूळ किती आला. पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) गावात ग्रामसभा कशी भरते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, माणसं झाडाखाली बसून शेवटपर्यंत ऐकतात. त्या दिवशी एका आजीने उठून विचारलं की माझ्या घरात माणसं इतकी, मग माझं धान्य किती? दुकानदाराने तिथल्या तिथे हिशेब करून सांगितला. कोणाशी भांडण झालं नाही. पुढच्या महिन्यापासून दुकानदार स्वतःच फळा लिहितो, आणि आता लोक त्याच्यावर आधीसारखा संशयही घेत नाहीत. त्या फळ्याचा त्यालाही फायदाच झाला.

---

गिरणामाय

ताई, खूप छान. आमच्या चाळीसगाव-भडगावकडेही हेच. माझी आजी फळ्यासमोर उभी राहून ‘हाई काय लिखेल शे?’ विचारते तेव्हा तिला सोप्या भाषेत सांगता येईल असं एकही वाक्य त्यावर नसतं.

चांगलं उदाहरण विचारलं होतं म्हणून लिहिते. महसूलचं ‘आपली चावडी’ हे संकेतस्थळ. जमिनीचा फेरफार धरला की त्याची नोटीस तिथे गावनिहाय दिसते, हरकतीला पंधरा दिवस. पूर्वी नोटीस चावडीत लागली की नाही हे देवाला ठाऊक. माझा भाऊ पुण्यात असतो, तो तिथून गावच्या नोटिसा बघतो. वाटणीच्या भांडणात याने किती घरं वाचली असतील.

जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’वर स्कॅन केलेले मिळतात. सगळ्या गावांचे सगळे कागद नाहीत आणि काही पानं पुसट आहेत, पण घरबसल्या मिळतात ही मोठी गोष्ट आहे.

---

नंदुरबार_९८

जुन्या कागदांचा विषय निघालाच आहे तर.

नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी धुळे, आणि त्याच्याही आधी पश्चिम खानदेश. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. जातपडताळणीला पणजोबाचा पुरावा लागतो तेव्हा नंदुरबारचा माणूस धुळ्याला जातो. तिथे सांगतात, ‘तुमचं दप्तर विभाजनात नंदुरबारला दिलं.’ नंदुरबारला सांगतात, ‘आलंच नाही.’ पोराच्या प्रवेशाची तारीख जवळ येते आणि बाप दोन जिल्ह्यांच्या मधे एस.टी.त.

विभाजनाच्या वेळी कोणतं दप्तर इकडे आलं आणि कोणतं तिकडे राहिलं, त्याची यादी झालीच असणार. यादीशिवाय दप्तर हलत नाही, बरोबर ना जुने_दप्तर? तेवढी एक यादी दोन्ही जिल्ह्यांनी प्रसिद्ध करावी. संचिका नकोत, नुसती यादी. कुठे जायचं हे कळलं तरी माणसाची मजुरी वाचते.

---

जुने_दप्तर

बरोबर. हस्तांतरणाची यादी होते, दोन्हीकडच्या सह्या असतात. तीच मागा. आणि ‘आढळ होत नाही’ या शब्दांवर थांबू नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे. अभिलेख जपण्याची जबाबदारी त्यात नेमून दिलेली आहे आणि नियम सोडून अभिलेख नष्ट केला तर शिक्षा आहे.

---

धुळे_बार

पुस्ती जोडतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात म्हटलं आहे की संचिका सापडत नाही एवढ्यावर माहिती नाकारता येत नाही. कसून शोध घ्यायचा आणि हरवली असेल तर जबाबदारी निश्चित करायची. ‘गहाळ’ हा शब्द कलम ८ च्या अपवादांमध्ये कुठेही नाही.

---

केळीबाग

सगळं ठीक, पण लाभार्थ्यांची नावं फलकावर लावायची म्हटलं की आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हणतात. नवीन कायदा आला म्हणे?

---

धुळे_बार

हो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातून माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला गेला. पूर्वी ‘ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही’ अशा अटी त्या कलमातच होत्या, त्या काढल्या. मला हा बदल फार जाचक वाटतो आणि त्याविरुद्ध बोललं पाहिजे. पण दोन गोष्टी शाबूत आहेत. कलम ८(२): सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४(१)(ख) मधली अनुदान आणि लाभार्थ्यांची बाब जागेवरच आहे. सरकारी पैसा कोणाला आणि किती मिळाला हे लावायचंच. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल लावायचे नाहीत, आणि ते कोणी मागूही नये.

---

टेबलावरचा

यावर सहमत. आमच्याकडे एकदा खातेक्रमांकासकट यादी लागली होती, लोक घाबरले. नमुनाच ठरवून दिला तर आम्हालाही बरं: नाव, गाव, योजना, रक्कम, तारीख. बाकी काही नाही.

जुने_दप्तर काका, तुम्ही म्हणालात तसं नोंदवही घेऊन बसलो. खरोखर तेच विषय आहेत: एका योजनेची प्रतीक्षा यादी, दोन रस्त्यांची कामं आणि बदल्या. साहेबांना टिपणी ठेवतो की प्रतीक्षा यादी दर महिन्याला बाहेर लावू या. मंजूर होईल की नाही माहीत नाही, पण ठेवतो.

---

तापीकाठ

दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आतून एक टिपणी निघाली की बाहेरच्या दहा अर्जांचं काम होतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं त्यावर बोलू. सोमवारची पाहणी कोणी करून बघितली आहे का? सामान्य प्रशासन विभागाचा २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे: जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला द्यायचे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत हे आधीपासून होतं, तेच राज्यभर आणलं.

---

गिरणामाय

मी गेले आहे. जिथे गेले तिथे कोणाला हा शासन निर्णय माहीत नव्हता. मी छापून नेला होता. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो आणि ‘डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे’ हे वाक्य असतं, ते दाखवलं. तरुण लिपिक होती, तिने शासनाच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून स्वतः खात्री केली, मग साहेबांना विचारून संचिका काढून दिली. तासभर बसून हाताने टिपणं घेतली. त्या मुलीने मधेच चहाही विचारला. मला सांगायचं हे की कागद हातात असला की आवाज चढवावा लागत नाही.

फक्त एक, ‘सगळं दाखवा’ म्हणू नका. कोणत्या कामाची संचिका ते नेमकं सांगा, नाहीतर दोघांचाही वेळ जातो.

---

सातपुडा_शाळा

आणि तिथे पाहिजे त्या पानांची प्रत मागता येते. दोन रुपये पान.

फलकावरून आठवलं. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली प्रत्येक कार्यालयाने आपल्या सेवा, किती दिवसांत देणार, फी किती, अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे हे लावायचं आहे. हा फलक बऱ्याच ठिकाणी दिसतो. माझी मुलं दाखल्यासाठी गेली की आधी त्याचा फोटो काढतात. दाखल्याला किती दिवस लागतात हे माहीत असलेल्या मुलाला ‘उद्या या’ म्हणणं अवघड जातं.

---

नंदुरबार_९८

पण ज्याने कलम ४ पाळलंच नाही त्याला दंड आहे का? माझ्या माहितीप्रमाणे कलम २० चा दंड, दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५ हजार, हा अर्जाला उत्तर न देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला आहे. फलक न लावणाऱ्याला नाही.

---

धुळे_बार

तुमचं वाचन बरोबर आहे आणि कायद्यातली ही मोठी उणीव आहे. तरी माहिती आयोगाच्या हातात काहीच नाही असं नाही. कलम १९(८)(क) खाली आयोग कार्यालयाला विशिष्ट माहिती प्रसिद्ध करायला, अभिलेख व्यवस्थापन बदलायला, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सांगू शकतो, आणि (ख) खाली नुकसानभरपाईही देववू शकतो. १७ ऑगस्ट २०२३ च्या किशन चंद जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना कलम ४ च्या अंमलबजावणीवर सतत देखरेख ठेवायला सांगितलं आहे. आपल्या तिन्ही जिल्ह्यांची अपिलं नाशिक खंडपीठाकडे जातात. अपिलात शेवटची विनंती म्हणून दर वेळी एक ओळ घाला: ‘ही माहिती कलम ४ अन्वये कायमस्वरूपी प्रसिद्ध करण्याचे निर्देश व्हावेत.’ बहुतेक अर्जदार आपला कागद मिळाला की थांबतात, त्यामुळे पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अर्जाचा मसुदा देतो. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून आटोपशीर ठेवला आहे. जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही.

‘विषय: माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ४(१)(ख) अन्वये आपल्या कार्यालयाने प्रसिद्ध केलेली माहिती. कृपया पुढील बाबी द्याव्यात. सतरा बाबींची अखेरची अद्ययावत प्रत व ती अद्ययावत केल्याची तारीख. ती कोणत्या ठिकाणी व कोणत्या माध्यमातून प्रसिद्ध केली त्याचा तपशील. हे काम सोपवलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम व तसा आदेश. अमुक योजनेसाठी सध्या लागू असलेले निकष व शासन निर्णयाची प्रत. माहिती प्रसिद्ध केलेली नसल्यास तसे स्पष्ट लिहून द्यावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘प्रसिद्ध केलेली नाही’ असं कार्यालयाच्या सहीने मिळालेलं उत्तर अपिलात फार उपयोगी पडतं.

---

जुने_दप्तर

‘हे काम सोपवलेला अधिकारी’ ही ओळ उत्तम. या एका प्रश्नामुळे कार्यालयाला कोणाला तरी काम सोपवावंच लागेल.

---

केळीबाग

मी माझ्या मंडळाच्या तापमानासाठी हाच मसुदा वापरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे रोजचे किमान तापमान आणि केंद्र बंद असलेले दिवस, एवढंच मागतो. आमच्या शिवारातले अजून दोघे वेगळ्या मंडळांसाठी टाकणार आहेत. उत्तरं आली की इथे जसंच्या तसं लिहीन.

एक शंका. उत्तरात नुसतं ‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ असं आलं आणि तिथे पान उघडलंच नाही तर?

---

धुळे_बार

पान उघडत नाही त्याचा तारीख-वेळेसह फोटो काढा, शक्य तर दोन वेगवेगळ्या दिवशी. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत जोडपत्र ‘ब’ मध्ये प्रथम अपील, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अपिलात छापील प्रत मागा आणि सोबत कार्यालयात पाहणीची वेळही मागा. फोटो आणि मूळ उत्तराची प्रत जोडा. सुनावणीला स्वतः जा, वकील लागत नाही.

---

तापीकाठ

धुळे_बार यांचा मसुदा मूळ धाग्यात वर डकवून ठेवतो. ज्यांची उत्तरं येतील त्यांनी तालुका आणि खातं लिहून खाली टाका, अधिकाऱ्यांची नावं आणि आपले पत्ते नकोत. शेजाऱ्याचं कलम ४(१)(घ) चं पत्र आज आवकला दिलं, पोच घेतली.